तिसरीच्या मुलांना जिम्नॅस्टिक्स शिकवतेय, सुरुवात कुठून करू? (बडोदा)

सोनचाफा | ११ जुलै

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी बडोद्यात जुन्या गावातल्या एका शाळेत तिसरीची वर्गशिक्षिका आहे. वर्गात ३८ मुलं. पाच-सहा मराठी घरची, बाकी बहुतेक गुजराती. मी नववीपर्यंत जिम्नॅस्टिक्स केलं होतं, हे कुणीतरी मोठ्या बाईंच्या कानावर घातलं आणि जूनपासून शुक्रवारचे शेवटचे दोन तास माझ्याकडे आले. जानेवारीत वार्षिकोत्सव आहे. त्यात "कोलांट्या आणि मनोरा" हवाय.

आज तिसरा शुक्रवार. मी कोलांटी करून दाखवली आणि एकेकाला बोलावलं. सहा जणांचं बरं झालं. सातवा मुलगा उकिडवा बसला, हात टेकले आणि डोक्याचा माथा सतरंजीवर ठेवून पाय झाडले. सगळं अंग वर आणि मान खाली. तो पलटलाच नाही, बाजूला कलंडला आणि मानेवर हात धरून बसून राहिला. रडलासुद्धा नाही. मी लगेच डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. त्याच्या आईनेही मला काही बोल लावला नाही. पण मला आज झोप येणार नाही.

आमच्याकडे काय आहे ते सांगते: कोटा फरशीचा हॉल, चार जुन्या पातळ मॅट, दोन मोठ्या सतरंज्या, भिंतीला टेकवलेले लाकडी बाक. बाकी काही नाही. मी जे शिकले ते दहाव्या वर्षी, आठवड्यातून पाच दिवस, आठ जणींच्या गटात. ते जसंच्या तसं इथे चालणार नाही हे आज कळलं. नेमकं काय आधी घ्यावं, काय अजिबात घेऊ नये, जाणकारांनी सांगावं.

---

साधी_अढी | ११ जुलै, रात्री

ताई, मुलगा ठीक आहे हे वाचून हायसं वाटलं. डॉक्टरांना लगेच दाखवलंत, फार बरं केलंत.

मी चाळीस वर्षं मुलांना मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स शिकवलं. तुमचं चुकलं एवढंच, की तुम्ही मधूनच सुरुवात केलीत. कोलांटी हा पहिला धडा नव्हे. पहिला धडा खाली येण्याचा. आमच्या गुरुजींनी मला खांबाला हात लावू देण्याआधी महिनाभर नुसतं उतरायला लावलं होतं. एका पाटावरून उडी मारायची आणि उभं राहायचं. बाकीची मुलं खांबावर दसरंग, फरारे असे प्रकार करत होती आणि मी आपला पाटावरून खाली. तेव्हा फार राग यायचा.

तर पुढचे चार शुक्रवार कोलांटी बंद. बाक आडवा ठेवा, फुटभर उंचीचा असला तर उत्तम. मुलाने त्यावरून खाली उडी मारायची. दोन पायांत कमरेइतकं अंतर, आधी चवडे मग टाचा, गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या दिशेने, आत झुकलेले नकोत. हात पुढे, स्कूटरचं हँडल धरल्यासारखे. मग तिथेच तीन आकडे होईपर्यंत पुतळा. एक पाऊलसुद्धा पुढे-मागे नाही.

कोटा फरशीचा इथे एक फायदा आहे, तिच्यावर आवाज ऐकू येतो. (सतरंजी मात्र काढा, ती घसरते. मॅट घसरत असेल तर तीही भिंतीला टेकवूनच ठेवा.) ज्याच्या पायाचा आवाज येत नाही त्याची उडी बरोबर. मुलांना डोळे मिटून एकमेकांच्या उड्या ऐकायला लावा. गुडघ्यांविषयी भाषण करावं लागत नाही, आवाज कमी करायला गेलं की गुडघे आपोआप वाकतात.

दुसरं, मागे पडायला शिकवा. मूल मागे पडताना हात मागे टेकवतं, ते सगळ्यात वाईट. हात छातीवर घडी, हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि बसत बसत मागे लोळायचं. गुडघे पोटाशी धरून पाळण्यासारखं मागे-पुढे, मागे-पुढे. वीस झोके. मग झोक्याच्या जोरावर हात न टेकता उकिडवं उठायचं. ज्याला हे जमलं त्याची अर्धी कोलांटी झाली, हे त्याला सांगू नका.

तिसरं, हातांवर वजन घ्यायची सवय. अस्वलाची चाल, खेकड्याची चाल, सशाची उडी (आधी दोन्ही हात, मग दोन्ही पाय). तिसरीच्या मुलाचे हात त्याचं स्वतःचं अंग पेलत नसतील तर कोलांटीत ते वजन मानेवर येणारच.

आणि शेवटचं. ३८ मुलांची एक रांग करू नका. एका मुलाची पाळी पंधरा-वीस मिनिटांनी येते, तोवर ती मागे मारामाऱ्या करतात. चार कोपरे करा. तीन कोपऱ्यांत ज्यात इजा होण्यासारखं काही नाही अशी कामं, चौथ्यात नवीन गोष्ट. तुम्ही चौथ्या कोपऱ्यातून हलायचं नाही.

---

रावपुऱ्याची_लेक | १२ जुलै

काका, "हात मागे टेकवणं सगळ्यात वाईट" हे वाचून अंगावर काटा आला.

माझी मुलगी सहा वर्षांची असताना उन्हाळी शिबिरात पडली. कार्टव्हील (हात टेकवून बाजूला चाकासारखं फिरणं) शिकवत होते. तिला कुणी पडायचं कसं ते सांगितलं नव्हतं, एक दिवसात कार्टव्हील आणि पाचव्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम. हात ताठ टेकला आणि कोपर गेलं. शस्त्रक्रिया करून दोन तारा घालाव्या लागल्या. आता ती दहा वर्षांची आहे, हात उत्तम आहे, पण अजून कठड्यावरून उडी मारताना माझ्याकडे बघते.

मला राग पडण्याचा नाही आला, पडणं होतंच. राग त्या पाच दिवसांचा आला.

---

पाठकणा | १२ जुलै

मी फिजिओथेरपिस्ट आहे, लहान मुलांसोबत काम करते. वरच्या दोन्ही प्रतिसादांना जोडून थोडं.

रावपुऱ्याची_लेक, तुमच्या मुलीचं झालं ते या वयात कोपराचं सगळ्यात नेहमी दिसणारं फ्रॅक्चर आहे: कोपराच्या जरा वर, दंडाच्या हाडाचं खालचं टोक. साधारण पाच ते सात या वयात जास्त. पडताना हात ताठ ठेवला की सगळा जोर तिथे जातो. म्हणून पडण्याचा सराव ही चैन नाही.

मानेबद्दल: कोलांटीत डोक्याचा माथा जमिनीला लागताच कामा नये. हात टेकतात, कुल्ले वर जातात, डोकं आत वळतं आणि पहिला स्पर्श होतो तो खांद्यांच्या मधल्या वरच्या पाठीचा. डोकं नुसतं निसटून जायला हवं.

ताण देताना (पाय फाकवून बसणं, पुढे वाकणं) कुणी कुणाच्या पाठीवर दाब द्यायचा नाही. शिक्षकांनीही नाही. या वयात हाडांच्या टोकांना वाढीची कूर्चा असते, ती हाडापेक्षा नाजूक. मनगट रोज रोज दुखत असेल तर "होतं असं" म्हणून सोडू नका.

आणखी एक, जे शाळांमध्ये बऱ्याचदा राहून जातं. वर्गात डाउन सिंड्रोम असलेलं मूल असेल तर त्याच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय कोलांटी, शीर्षासन काहीही नाही. उड्या, चाली, तोल सांभाळणं याबद्दलही डॉक्टरांना विचारून घ्या, पण त्याला वर्गाबाहेर बसवू नका.

---

पोळवाला | १२ जुलै

सगळं मान्य, पण एक विचारतो. आम्ही लहानपणी आखाड्यात धडाधड कोलांट्या मारायचो. ना मॅट, ना फिजिओ. बडोदं म्हणजे जुम्मादादा व्यायाम मंदिराचं, प्रो. माणिकरावांचं गाव. इथली पोरं घाबरट कधी झाली?

---

साधी_अढी | १३ जुलै

पोळवालादादा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर तुमच्या आखाड्यातच आहे. हौदातली माती रोज फावड्याने खणली जायची ना? तेल, हळद, ताक घालून मऊ केलेली असायची. ती फूटभर खोल माती हीच आपली मॅट होती, आजच्या शाळेतल्या पातळ मॅटपेक्षा चांगली. कोटा फरशीवर सतरंजी म्हणजे आखाडा नव्हे.

आणि वस्ताद असायचे. पोरगं चुकलं तर कानाखाली बसायची, ते मला पटत नाही, पण नजर सतत असायची. दहा पोरांवर एक नजर. ताईंकडे अडतीस आहेत. पोरं घाबरट झालेली नाहीत, जमीन कडक झाली आणि नजर पातळ झाली.

दुसरं एक दुखणं सांगतो. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आज त्याच गावात प्राथमिकच्या पोरांचा पीटीचा तास गणितासाठी कापला जातो आणि जानेवारीत एकदम मनोरा मागितला जातो.

---

पोळवाला | १३ जुलै

मातीचं लक्षात नव्हतं आलं. पटलं काका.

---

सोनचाफा | १९ जुलै

काल काकांनी सांगितलं तसं केलं. बाकावरून उड्या आणि ऐकणं. अडतीस मुलं डोळे मिटून गप्प बसली होती! एरवी मला घसा फोडावा लागतो. एका मुलीने सगळ्यांच्या उड्या ओळखल्या: "बेन, आ तो धबाकवाळो छे." (बाई, हा तर धबाककन उतरणारा.)

पाळण्याच्या झोक्यांना मात्र एक अडचण आली. हनुवटी छातीला लावा म्हटलं की मुलं नुसती मान खाली घालतात, आणि मागे लोळताना ती परत वर येते. मी गुजरातीत म्हणत होते, "दाढी छातीए अडाडो." (मराठी वाचकांसाठी: गुजरातीत हनुवटीलाही दाढी म्हणतात. माझ्या वर्गातली मराठी मुलं पहिल्यांदा गालांना हात लावून बघत होती.) मुलं हनुवटी लावतात आणि सोडतात. यावर काही?

आणि तो मुलगा, ज्याच्या मानेला लागलं होतं, तो उड्या मारतो, अस्वल होतो, पण पाळण्याच्या कोपऱ्यात आला की बाटली भरायला जातो. मी काही बोलले नाही.

---

साधी_अढी | १९ जुलै

रुमाल. घडी करून हनुवटीखाली द्या आणि पाळण्याच्या वीस झोक्यांत तो पडता कामा नये म्हणा. हनुवटी धर म्हटलं तर मूल विसरतं, रुमाल धर म्हटलं तर विसरत नाही.

त्या मुलाला बाटली भरू द्या. भीती घालवायला त्याला पुढे ढकललंत तर ती पुढे कित्येक वर्षं जाणार नाही.

---

रावपुऱ्याची_लेक | २ ऑगस्ट

धागा वर काढतेय. माझी लेक मोबाईलवर जिम्नॅस्ट दीपा कर्माकरची प्रोदुनोव्हा ही अवघड उडी बघते आणि विचारते, मला कधी शिकवणार. काय सांगू?

---

साधी_अढी | २ ऑगस्ट

तिला ती उडी पुन्हा दाखवा, पण शेवटचा अर्धा सेकंद थांबवून. रिओ, २०१६. हवेतली फिरकी पूर्ण झाली, पाय टेकले, पण अंग एवढं खोल बसलं की कुल्ले जवळजवळ मॅटला लागले. दोन उड्यांचे सरासरी गुण १५.०६६, चौथा क्रमांक. कांस्यपदक १५.२१६ वर गेलं. म्हणजे ०.१५० चं अंतर. त्या पातळीवरसुद्धा सगळं ओझं शेवटी खाली येण्यावर असतं.

हेही सांगा की दीपाचे तळपाय लहानपणी सपाट होते. जिम्नॅस्टिक्सला ते चांगले मानत नाहीत. तिने आणि बिश्वेश्वर नंदी सरांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. तुमची लेक कठड्यावरून उतरताना तुमच्याकडे बघते म्हणालात. आधी ती तिच्या स्वतःच्या पायांकडे बघायला लागू दे.

---

सोनचाफा | २३ ऑगस्ट

काल कोलांटी घेतली. पाचव्या शुक्रवारी नाही, आठवडाभर आणखी थांबून.

उतार केला होता. लिहिण्याचा जुना लाकडी फळा, एका टोकाखाली दोन विटा, वर मॅट बांधलेली. उतारावरून कोलांटी स्वतःच पुढे जाते, मुलाला पाय झाडावे लागत नाहीत. मी बाजूला गुडघ्यावर बसले. एक हात मानेमागे, डोकं आत वळवायला, दुसरा मांडीखाली. मागून ढकलायचं नाही हे लहानपणी मलाच कुणी शिकवलं नव्हतं, मला नेहमी ढकलायचे.

अडतीसपैकी एकवीस जणांना बोलावलं, ज्यांचा रुमाल वीस झोके टिकला तेवढ्यांनाच. एकवीसपैकी एकाचाही माथा टेकला नाही. सतरा जण उठताना हात टेकतात किंवा पायांची कैची करतात, ते होईल. बांगड्या, कडी, केसांतल्या टोकदार पिना आधीच एका डब्यात काढून घेते, शर्ट चड्डीत खोचलेले, पाय अनवाणी.

वर्गातला सगळ्यात जाड मुलगा कोलांटीत अडकतो. पण अस्वलाच्या चालीत तो हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाही गुडघा न टेकवता जातो, आणि परत येतो. दुसऱ्या कुणालाच ते जमत नाही. आता अस्वलाचा कोपरा त्याच्या ताब्यात आहे.

आता मोठा प्रश्न: मनोरा. मोठ्या बाईंनी परवा पुन्हा विचारलं, तीन थर होतील ना?

---

विश्वामित्री | २३ ऑगस्ट

करू नका. मी काही वर्षं कामानिमित्त जपानमध्ये होते. तिथे शाळांच्या क्रीडादिनाला मानवी मनोरे ही वर्षानुवर्षांची प्रथा होती. २०१५ मध्ये ओसाकाजवळच्या याओ शहरात दहा थरांचा मनोरा कोसळून मुलं जखमी झाली. त्यानंतर देशभर वाद झाला आणि ओसाका शहराने आपल्या शाळांमधले मनोरे बंद केले. ती मोठी मुलं होती. तुमची तिसरीतली आहेत.

---

पाठकणा | २४ ऑगस्ट

विश्वामित्रीशी सहमत. चार पायांवर उभ्या असलेल्या मुलाच्या पाठीच्या मध्यावर दुसऱ्याचा गुडघा आला की कण्याला खालून आधार काहीच नसतो. मोठ्यांमध्येही वजन खांद्यांवर किंवा कमरेच्या हाडावर देतात. आठ वर्षांच्या मुलांना ती जागा अचूक सापडेल अशी अपेक्षाच चूक आहे. वरचा पडतो त्यापेक्षा खालचा दबतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही.

---

साधी_अढी | २४ ऑगस्ट

ताई, मोठ्या बाईंना नुसतं नाही म्हणू नका, बदल्यात काहीतरी द्या. मंचावर अडतीस मुलं एकदम उडी मारून एकही आवाज न होता उतरताना कधी पाहिलीत? मी पाहिली आहेत. सभागृहात पहिल्या उडीला कुणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या उडीला लोक बोलायचे थांबतात.

---

सोनचाफा | ३० ऑगस्ट

मोठ्या बाईंना हॉलमध्ये बोलावलं आणि ते करून दाखवलं. अडतीस जण, तीन वेळा. त्यांनी काही न बोलता बाकावर बसून चौथी उडी स्वतः सांगून करून घेतली. मनोऱ्याचा विषय तूर्त निघालेला नाही. निघाला तर याओचं सांगेन.

काल कार्टव्हीलची तयारी सुरू केली. आपल्या गावात याचा एक सोपा मार्ग सापडला, तो इथे नोंदवून ठेवते. नवरात्र जवळ आलंय, मुलांच्या अंगात ताल आहेच. कार्टव्हीलचा ताल चार मात्रांचा: हात, हात, पाय, पाय. मुलं दोन्ही हात एकदम टेकवतात, मग ती नुसती वाकडी उडी होते. म्हणून आधी अर्धा तास जागेवर बसून फरशीवर थापा. हात, हात. मग पाय, पाय. गरब्याच्या टाळीसारखं चौघांनी एकदम. मग उभं राहून खडूच्या रेघेवर दोन हातांच्या खुणा, दोन पायांच्या खुणा, आणि आडव्या बाकावरून (आता तो उलटा ठेवलाय, वीतभर उंच) हात बाकावर, पाय पलीकडे. पाय डोक्यावरून जायची घाई नाही. कमरेइतके वर गेले तरी कार्टव्हीलच.

उलटी कोलांटी घ्यावी का? मला स्वतःला ती आवडायची.

---

पाठकणा | ३० ऑगस्ट

या वर्षी नको, असं माझं मत. त्यात मान दबण्याची शक्यता सरळ कोलांटीपेक्षा बरीच जास्त. तळवे कानांशी उलटे ठेवून जोराने जमीन ढकलावी लागते, ती ताकद तिसरीत थोड्यांकडेच असते. हवं तर खांद्यावरून तिरकं मागे लोळणं घ्या, त्यात डोकं बाजूला राहतं.

---

सोनचाफा | १२ सप्टेंबर, रात्री

आज तो मुलगा पाळण्याच्या कोपऱ्यात आला. बाटली भरलेली होती, बाजूला ठेवली. रुमाल मागितला. वीस झोके झाले, मोजणारी मुलगी थांबली तरी तो थांबला नाही, सत्तावीस केले. मग मला म्हणाला, "बेन, घरे तो हुं गुलांट पण मारुं छुं." (घरी तर मी कोलांटीपण मारतो.) कुठे रे? "पलंग पर." रोज रात्री, आईने दिवा घालवल्यावर.

मला आनंदही झाला आणि पोटात गोळाही आला. काका, गादीवर चालेल का?

---

साधी_अढी | १२ सप्टेंबर, रात्री

नाही ताई. मऊ गादीत डोकं रुततं आणि अंग पुढे जातं, मान अडकते. पहिल्या दिवशी जे झालं तेच पुन्हा होऊ शकतं. सतरंजीच्या दोन घड्या जमिनीवर, त्यावर झोके कितीही. कोलांटी मात्र तुमच्यासमोरच, उतारावर.

पण त्याला रागावू नका. पलंगावर का होईना, तो एकटा, अंधारात, स्वतःहून परत गेलाय.

---

सोनचाफा | १३ सप्टेंबर

सकाळी त्याच्या आईला फोन करून सांगितलं. त्यांना पलंगावरच्या कोलांट्यांचा पत्ताच नव्हता. पुढच्या शुक्रवारी उताराच्या कोपऱ्यात पहिला नंबर त्याचा, असं त्याला कबूल केलंय. विटा दोनच्या तीन कराव्या का त्याच्यासाठी?

---

साधी_अढी | १३ सप्टेंबर

दोनच राहू द्या. तिसरी लावली तर वेग वाढेल.